तो तिसरा बाण

श्रावणभाऊ,

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार मला उघडता आलं नाही. कुलूप निघालं, पण कडी सरकेना. अकरावीची मुलं वह्या छातीशी धरून मागे उभी होती. मी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी ऑफिसातले बाबू जिना चढून आले, दार खालून थोडं उचललं, डावीकडे रेटलं आणि कडी सुटली. “श्रावण असंच करायचा,” ते म्हणाले आणि निघून गेले. आठ वर्षं मी त्या खोलीत शिकवते. दार अडतं हे मला माहीतच नव्हतं, कारण मी यायच्या आधी ते कायम उघडलेलं असायचं.

तुम्ही गेल्याची बातमी मला सुट्टीतच कळली होती. धानाची कापणी चालू होती, दुपारी शेतातल्या बांधीवरून घरी आलात, जेवलात, आडवे झालात आणि उठला नाहीत, एवढंच फोनवर कोणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं होतं. पण ते खरं वाटलं ते त्या दारापाशी.

तुम्ही लॅब अटेंडंट म्हणून कधी लागलात, किती वर्षं नोकरी झाली, हे सगळं ऑफिसच्या फाइलीत आहे आणि तिथेच राहू दे. मला तुमच्याशी बोलायचंय, नेहमीसारखं, प्रयोगशाळेच्या लांब टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून.

पहिलं भांडण आठवतं का? मी नवीन होते. जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली, नागपूरला एमेस्सी केलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री असलेली. फळ्यावर एक उतरता पाट काढला होता, त्याच्यावर एक ठोकळा. पाट स्थिर असेल तर ठोकळा घसरून खाली येणार हे उघड आहे. प्रश्न असा होता की पाटच पुढे ढकलत नेला, वेग सतत वाढवत नेला, तर ठोकळा जागच्या जागी राहील का, आणि त्यासाठी पाटाला किती त्वरण द्यावं लागेल. मी दोन ओळींत उत्तर काढलं. ठोकळ्यावर तीन बाण काढले: वजनाचा खाली, पाटाच्या आधाराचा पाटाला काटकोनात, आणि तिसरा मागच्या दिशेला. हा तिसरा म्हणजे सूडो फोर्स, आभासी बल. तिघांची बेरीज शून्य करा, झालं. मुलांनी उतरवून घेतलं आणि तास संपला.

तुम्ही स्प्रिंग काट्यांचा ट्रे हातात घेऊन दाराशी उभे होतात. मुलं गेल्यावर आत आलात.

“मॅडम, राग नसन येत तं एक इचारू का?”

“विचारा ना.”

“वजन धरती देते. आधार पाट देते. तो तिसरा बाण कोन देते जी?”

“कोणी देत नाही, भाऊ. तो मानायचा असतो.”

“मानाचा?” तुम्ही फळ्याकडे पाहत राहिलात. “पन मांगच्या हप्त्यात तुमीच सांगतलं का परत्येक बलाची जोडी असते. मंग याची जोडी कुठी हाये?”

मला खरंच राग आला होता. “उत्तर बरोबर येतंय ना?” मी म्हटलं.

“उत्तर तं येते,” तुम्ही ट्रे उचललात. “पन देते कोन?”

हे आज पहिल्यांदा सांगते. त्या दिवशी स्कूटीवर घरी जाताना मी मनात म्हणत होते, तारा गुंडाळून ठेवणारा माणूस मला न्यूटन शिकवतो. आणि त्याच्याच शेजारी दुसरा विचार होता, की मला उत्तर येत नाही. शाळेपासून एमेस्सीपर्यंत मी तो बाण शेकडो वेळा काढला होता. तो कोण देतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात करपला. पण तेवढ्यात सुटलं. पाटावर बसून न पाहता रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर ठोकळा थांबलेला नाहीच. तो पाटासोबत पळतोय, आणि त्याचा वेग वाढतोय म्हणजे त्याला कोणीतरी पुढे ढकलतंय. ढकलतो तो पाटच. पाटाचा आधार तिरपा असतो. त्यातला काही भाग ठोकळ्याला वर धरतो, उरलेला त्याला पुढे लोटतो. बाण दोनच. तिसरा लागतो तो पाटावर बसून ‘मी तर थांबलोय’ असं म्हणणाऱ्याला.

सोमवारी तो कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावलात आणि बोट ठेवून एकेक बाण पाहिलात.

“हां,” शेवटी म्हणालात. “आता बसलं. बाण दोनच.”

मला एवढा आनंद एमेस्सीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मला वाटलं भांडण मिटलं. कसलं मिटतंय! धान निघालं आणि एका सकाळी तुम्ही कंबर धरून जिना चढून आलात.

“मॅडम, तो बाण हाये.”

“कोणता?”

“तिसरा. काल पोत्याईवर बसून ट्रालीत आलो. ड्रायव्हरनं एकदम रेस देल्ली तं मांगच्या फळीवर असा आदळलो का बस. तुमी म्हनता बाण नाई. मंग मले मारलं कोनं?”

“फळीनं मारलं. ट्रॉली पुढे गेली, तुम्ही होतात तिथेच राहिलात, फळी येऊन तुम्हाला लागली.”

“तुमी रस्त्यावर उभ्या होत्या का?”

“नाही.”

“मंग? मी ट्रालीत होतो ना जी.”

इतकं सरळ बोलणं होतं की मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात आणि कंबर दुखली म्हणून लगेच थांबलात. तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरात गतीचे नियम सुरू झाले की आपलं भांडण नव्यानं सुरू व्हायचं. मजा म्हणजे दर वर्षी बाजू बदलायच्या. एका वर्षी तुम्ही बाणाच्या बाजूनं, मी विरुद्ध. पुढच्या वर्षी मी बाण काढून झटपट गणित सोडवत असायचे आणि तुम्ही दारातून डोकं हलवायचात.

मुलांना हे कळायला लागलं होतं. प्राचीच्या बॅचनं तर सरळ विचारलं, “सर आणि मॅडममध्ये बरोबर कोण?” ती तुम्हाला सर म्हणायची. तुम्ही दर वेळी दुरुस्त करायचात आणि ती दर वेळी तेच म्हणायची. तुम्ही तिला म्हणालात, “बोलून काय फायदा? करूनच पाहू ना.”

पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही जे केलंत ते मी कुठल्याच कॉलेजात पाहिलं नाही. घरच्या सागवानाचा पाट रंधून काढलात, बरोबर दहा अंशांच्या उताराचा. पाटाला मधोमध खाच, कारण ठोकळा लाकडाला धरून बसतो आणि मग काही समजत नाही. त्या खाचेत ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधला मोठा छर्रा. पाटाखाली चार चाकं. पुढे दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वजनाचं पारडं. वजन खाली पडेल तशी गाडी वेग घेत पुढे पळेल. पण टेबल किती उंच असतं? वजन क्षणात जमिनीला टेकायचं आणि काही दिसायच्या आत सगळं संपायचं. तेव्हा तुम्ही टेबलं बाहेर काढलीत. दोन टेबलं वरच्या मजल्याच्या गॅलरीत टोकाला जोडून लावलीत, कप्पी कठड्याच्या पलीकडे काढलीत, वजन थेट खालच्या मजल्यापर्यंत पडायची सोय केलीत. खाली धानाच्या तणसानं भरलेलं पोतं, म्हणजे फरशी फुटायला नको. प्राचार्य खालून ओरडले, “अरे, हे काय चाललंय?” आणि तुम्ही वरून म्हणालात, “परीक्षा हाये जी, न्यूटनची!”

गाडी, पाट आणि छर्रा मिळून एक किलो. मी हिशोब करून सांगितलं, दोनशे चौदा ग्रॅम टाका. टाकले. गाडी सुटली आणि छर्रा घरंगळत पाटाच्या तळाशी आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वहीत डोकं घातलं, कुठे चुकलं म्हणून. तुम्ही शांतपणे पारड्यात एक वायसर, बोल्टखालची लोखंडी चकती, टाकलात, मग अजून एक.

“भाऊ, गणितात चौदाच येतात.”

“गणित बरोबर हाये मॅडम. पन चाकं बी थोडं खातेत ना.”

सहाव्या वायसरला ते झालं. गाडी सरसर पुढे आली आणि छर्रा उतारावर मधोमध तसाच, चिकटवल्यासारखा. प्राचीनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं होतं. आम्ही पंधरा डोकी त्या एका फोनवर वाकलो. गाडी हळूहळू येते, मागचं चिंचेचं झाड हळूहळू सरकतं आणि छर्रा हलत नाही. मुलांनी असा आरडाओरडा केला की खालच्या वर्गांतले शिक्षक बाहेर आले. तुम्ही मात्र पुढच्या तयारीत होतात. अजून चार वायसर टाकलेत, आणि छर्रा चक्क उतारावरून वर चढला. “चढून राह्यला! पाहा, चढून राह्यला!” असं म्हणत तुम्ही गाडीबरोबर गॅलरीतून पळत गेलात. पन्नाशी ओलांडलेला माणूस असा पळताना मी पाहिला नव्हता.

त्याच हिवाळ्यात आपण सहल आंबागडला नेली. बसमध्ये तुम्ही वरच्या दांड्याला दोऱ्यानं किल्ली टांगली आणि कोणाच्या तरी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलात. बस वेग घेई तेव्हा किल्ली मागे झुके, ब्रेक लागला की पुढे. तुम्ही अंश वाचत होतात, मी लिहून घेत होते. मग रस्ता चढाला लागला. बस एकसारख्या वेगानं चालली होती तरी किल्ली मागे झुकलेलीच राहिली, तशीच, जशी सपाट रस्त्यावर वेग घेताना झुकली होती. तुम्ही म्हणालात, “मॅडम, डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा तं. आता सांगा, गाडी चढावर हाये का वेग घेऊन राह्यली?”

मी डोळे मिटून बसले. इंजिनाचा आवाज सोडला तर काही सांगता येईना. पाठ सीटला दाबली जात होती, एवढंच कळत होतं. तुम्हीही मिटले होतेत. इतर शिक्षक हसत होते, कोणीतरी फोटो काढला. माझ्याकडे तो आहे अजून: दोघं शेजारी, डोळे घट्ट मिटलेले, मध्ये दोऱ्याला लटकलेली किल्ली. आतून दोन्हींत काही फरक कळत नाही, ही मोठी गोष्ट आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही ती बसमध्ये बसून हुडकलीत आणि लगेच पिशवीतले मुरमुरे काढून खायला लागलात.

किल्ल्यावर मुलं पुढे पळाली. आपण मागे पायऱ्यांवर दम खात बसलो, तेव्हा तुम्ही मला ते सांगितलंत. बारावीला होतात, सायन्सला. गावातला पहिलाच. फिजिक्समध्ये नापास झालात. पुन्हा बसलात, पुन्हा नापास. वडिलांनी दुसऱ्या दिवशी नांगर तुमच्या हाती दिला. आणि बऱ्याच वर्षांनी इथे जागा निघाली ती त्याच फिजिक्सच्या खोलीत. “मले हासू आलं जी,” तुम्ही म्हणालात. “ज्यानं हाकललं त्याच्याच घरी झाडू माराले आलो.” हे तुम्ही हसतच सांगितलंत. मी हसले नाही.

मी हसायला हवं होतं, भाऊ. मग पुढचं घडलं नसतं.

मी डोक्यात घेतलं ते एकच: तुम्हाला बारावीला बसवायचं. बाहेरून फॉर्म भरता येतो, एकच विषय राहिलाय, मी स्वतः तयारी करून घेईन. ऑफिसातून तुमच्या दाखल्याची प्रत काढून घेतली. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. आणि एक दिवस स्टाफ रूममध्ये, सगळे चहाला जमलेले असताना, तो भरलेला फॉर्म तुमच्यापुढे ठेवला. “फक्त सही करा,” म्हटलं. वाटलं, केवढा आनंद होईल तुम्हाला. एकानं टाळी वाजवली. दुसरा म्हणाला, “वा श्रावण! म्हणजे तू बारावी नापास होतास होय?”

तुम्ही फॉर्म वाचलात, चार घड्या घालून खिशात ठेवलात, कपबशा गोळा केल्यात आणि गेलात.

संध्याकाळी तुम्ही सायकल काढत होतात तेव्हा मी तुम्हाला गाठलं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, “मॅडम, ते मी तुमाले सांगतलं होतं. सगळ्याईले नोतं सांगतलं.”

“मी चांगल्यासाठीच केलं, भाऊ. तुम्हाला येतं सगळं. पास व्हाल तुम्ही.”

“मले समजून घ्याचं हाये. पास कायले व्हाचं?”

आणि सायकल घेऊन तुमच्या गावच्या, एकोडीच्या रस्त्याला लागलात.

त्यानंतरचे दोन महिने फार लांब गेले. काम चोख होतं. प्रत्येक प्रयोगाचं साहित्य वेळेवर टेबलावर, तारा तपासलेल्या, फळा पुसलेला. पण माझा तास सुरू झाला की दारात कोणी नसायचं. मी शिकवायचे आणि मध्येच नजर तिकडे जायची. एकदा फळ्यावर चिन्ह चुकलं, वजाच्या जागी अधिक. मुलांनी तसंच उतरवून घेतलं. कोणी काही विचारलं नाही. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी पलंगावर बसून रडले. चिन्हासाठी रडत नव्हते, हे तुम्हाला सांगायला नको.

माफी मागायची असं रोज ठरवायचे. मागितली नाही. आणि मग तुम्हीच माझी सुटका केलीत. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला नागपूरला गेला होतात. परतलात त्या सकाळी तास सुरू व्हायच्या आधी धावत आलात, रुसवा-बिसवा सगळा विसरून.

“मॅडम, लिफ्टीत बसलो जी!”

“अहो, वहिनींचा डोळा कसा आहे?”

“डोया मस्त हाये. आयका ना. वर निंघताना पाय असे जड झाले का जमिनीत रुतून राह्यले असं वाटे. आन थांबताना एकदम हलके! चार बार वरखाली केलं. लिफ्टवाला म्हने, बाबा, कोन्या मजल्यावर जाचं हाये? मी म्हनलं, कोन्याच नाई, तू चालव.”

हे सांगायला तुम्हाला जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि ऐकायला माझ्याइतकं आतुर दुसरं कोणी नव्हतं. आपण फळ्यावर लिफ्ट काढली, लिफ्टमध्ये तुम्हाला उभं केलं, बाण काढले आणि पाच मिनिटांत पुन्हा भांडायला लागलो. त्या फॉर्मचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही माफ केलंत असं मी धरून चालले. मी माफी मात्र मागितली नाही, ती नाहीच.

ती आता मागते. आणि का केलं तेही सांगते, कारण ते मला तेव्हा कळलं नव्हतं, अलीकडे कळलं. मी म्हणत होते तुमच्या भल्यासाठी. तसं नव्हतं. तुम्ही विचारेपर्यंत मला माझाच विषय नीट समजलेला नव्हता, आणि हे मला अडचणीचं वाटत होतं. तुमच्या नावापुढे एखादी पदवी, निदान एक पास झाल्याचा कागद असता, तर मी कोणापुढेही सांगू शकले असते की हे मला यांच्याकडून समजलं. कागद तुम्हाला नको होता, मला हवा होता. तुम्ही हे ओळखलं होतंत की नाही, माहीत नाही. मला वाटतं ओळखलं होतंत. आणि तरीही लिफ्टची गोष्ट सांगायला माझ्याकडेच आलात.

आता मी कागदाशिवाय सांगते. सगळ्यांना सांगते. गेल्या आठवड्यात प्राचार्यांनाही सांगितलं.

या वर्षीचं आपलं भांडण अर्धंच राहिलं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, मुलं फराळाचे डबे उघडून बसली होती, तेव्हा तुम्ही फळा पुसता पुसता थांबलात.

“मॅडम, तुमी नेहमी म्हनता, जमिनीवर उभं राहून पाहा, मंग तिसरा बाण लागत नाई.”

“हो.”

“पन धरती बी तं फिरते ना? मंग जमिनीवरचा मानूस कुठी थांबला हाये? तो बी गाडीतच हाये.”

मी म्हटलं, “भाऊ, सुट्टीला गावी जायचंय, बस गाठायचीय. सुट्टीनंतर सांगते.” तुम्ही म्हणालात, “आरामानं सांगा. मी कुठी चाललो?” आणि डब्यातली एक करंजी उचललीत.

उत्तर माझ्याजवळ त्या दिवशीही होतं. पृथ्वी फिरते म्हणून जमिनीवरही तो बाण असतोच, फक्त इतका लहान की आपल्या छर्ऱ्याला तो जाणवत नाही; म्हणून आपण तो सोडून देतो. म्हणजे तुमचं बरोबर होतं. पूर्ण थांबलेला, अगदी कुठलाच बाण न लागणारा माणूस कुठेच सापडत नाही. हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं. मग तुम्ही पुढचं विचारलं असतं आणि माझी बस चुकली असती. चुकायला हवी होती.

तरी तक्रार नाही, भाऊ. मी मोजायला बसले तर माझ्या वाट्याला फार आलंय. आठ सप्टेंबर आले. बसमधला फोटो आला. प्राचीचा फोन आला होता परवा, ती आता इंजिनिअरिंगला आहे. खूप रडली, आणि रडता रडता म्हणाली की तिथल्या सरांना तिनं तो छर्ऱ्याचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांनी तो पूर्ण वर्गाला दाखवला. “कोणी केलंय हे?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “आमच्या सरांनी.”

तेरवीला मी एकोडीला आले. आठ वर्षांत पहिल्यांदा, याचीही लाज वाटली. अंगणात मांडव होता, पंगती बसत होत्या. कोणीतरी मला आत नेलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, “तुमीच का जी फिजिक्सवाल्या मॅडम?”

मी मान हलवली.

“रोज सकाळी निंघताना म्हनत, वर्गाची वेळ झाली. मी म्हनो, वर्ग कायचा, कुलूप खोलाले जाता तुमी. तं म्हनत, नाई, मी अकरावीत हाओ. बारावीत नापास झालो काहून का अकरावी कच्ची राह्यली. आता पक्की करून राह्यलो.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आठ वर्सं अकरावीतच होते जी तुमच्याजवळ.”

बाहेर भात वाढणाऱ्यांची हाक ऐकू येत होती.

“तुमी त्याईले परीक्षेले बसवत होत्या म्हने,” वहिनी म्हणाल्या.

मी घाबरले. “हो.”

“खरं सांगा मॅडम. बसले असते तं पास झाले असते का?”

पाच वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. पहिल्या श्रेणीत पास झाले असते, सगळ्यांत वर आले असते. तेच ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे तुम्हीच आलात, परीक्षेच्या खोलीत बाकावर बसलेले, चष्मा लावून, पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून.

“नाही, वहिनी,” मी म्हटलं. “तीन तास पहिल्याच प्रश्नावर बसले असते. घंटा झाली तरी उठले नसते. पेपर ओढून घ्यावा लागला असता.”

वहिनी हसल्या, भाऊ. तोंडाला पदर लावून, पण चांगल्या मोठ्यानं. मांडवातल्या बायका वळून पाहायला लागल्या, तेरवीच्या घरात हे कोण हसतंय म्हणून. वहिनींनी त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. माझा हात धरून मला आपल्याजवळ चटईवर बसवलं आणि म्हणाल्या, “आनखी सांगा जी.”